ऑइल फिल्मने (तेलाच्या पातळ थराने) स्किन फ्रिक्शन (पृष्ठभागावरचं हवेचं घर्षण) मोजतोय, आकडा १० टक्के जास्त येतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, कॉलेजच्या विंड टनेलमध्ये सपाट प्लेटवर काम चालू आहे, हवा २० मी/सेकंद. काचेवर ५० सेंटीस्टोक व्हिस्कॉसिटीचं (म्हणजे तेलाचा घट्टपणा) सिलिकॉन तेल एक थेंब टाकतो, वरून सोडियम लॅम्प (५८९ नॅनोमीटर), आणि दर ५ सेकंदाला फोटो. तेलाच्या थरात प्रकाशाच्या इंटरफेरन्समुळे दिसणारे काळे-उजळ पट्टे इतके सुंदर दिसतात ना, पहिल्यांदा दिसले तेव्हा अक्षरशः ओरडलो. एका पट्ट्यापासून पुढच्यापर्यंत तेलाची जाडी साधारण २१० नॅनोमीटरने वाढते, ५ मिनिटांत पट्ट्यांमधलं अंतर मिलिमीटरच्या वर जातं, अंतर आणि वेळेचा ग्राफ पण सरळ रेषेत येतो, म्हणजे पद्धत बरोबर आहे असं वाटतं. पण त्यातून काढलेला शिअर स्ट्रेस (प्लेटच्या दर क्षेत्रफळावरचं घर्षणाचं बल) टर्ब्युलंट (खळबळत्या) प्रवाहातल्या प्लेटच्या नेहमीच्या फॉर्म्युल्यापेक्षा १० टक्के जास्त.

माझा संशय व्हिस्कॉसिटीवर आहे. तापमान १ डिग्री वाढलं की ती जवळपास २ टक्के कमी होते, टनेल चालू राहिला की हवा ३-४ डिग्री तापते आणि मी बाटलीवरचा २५ डिग्रीचाच आकडा धरलाय. काचेचं तापमान नक्की कसं मोजता, थर्मोकपल (तापमान मोजणारा तारेचा सेन्सर) खालून चिकटवलं तर चालेल का? तेल स्वतः कॅलिब्रेट करावंच (म्हणजे त्याची व्हिस्कॉसिटी स्वतः मोजून घ्यावीच) लागतं का? शिवाय धुळीचा एक कण बसला की पट्टे लगेच वाकडे होतात, त्यावर काय करता? कोणी हे हाताने केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, पुढच्या आठवड्यात टनेल परत मिळणार आहे.