मदत हवी आहे: कारखाना कुठे उभा राहणार हे नक्की कशावरून ठरतं?

मंडळी, भूगोलाच्या पेपरची तयारी चाललीये आणि उद्योगांच्या स्थानिकीकरणात गाडी अडकलीये, जरा मदत करा. प्रकार पाठ झालेत, शेतीवर आधारित, खनिजावर आधारित, अवजड, हलके वगैरे, तिथे काही अडचण नाही. जर्मन अर्थशास्त्रज्ञ वेबरची १९०९ ची थिअरी पण वाचली, कच्च्या मालाचं वजन प्रक्रियेत घटत असेल तर कारखाना मालाजवळ. उसाचं लगेच पटतं, १०० किलो ऊस गाळला की साखर हाती येते साधारण १० किलो, वर तोडून ठेवला तर साखरेचा उतारा पडतो, मग कोण लांब नेणार! कोल्ड्रिंकचं उलट, बाटलीत बहुतेक पाणीच, म्हणून भरतात बाजाराजवळ.

घोळ होतो तो अ‍ॅल्युमिनियमला. एक टन धातूला चार-पाच टन बॉक्साइट (त्याचं खनिज) लागतं, म्हणजे वेबरच्या हिशोबाने कारखाना खाणीशेजारी हवा ना? पण आइसलँडमध्ये बॉक्साइटच्या खाणी नसूनही स्मेल्टर (धातू वेगळा काढणारे कारखाने) आहेत, कारण स्वस्त वीज, एका टनाला १३ ते १५ हजार युनिट खातो हा प्रकार! मग अ‍ॅल्युमिना (बॉक्साइट शुद्ध करून मिळणारी पावडर) बनवायची पायरी खाणीजवळ आणि स्मेल्टर विजेजवळ असे दोन वेगळे उद्योग धरून उत्तर लिहायचं का? आणि कापसाचं वजन तर फारसं घटतच नाही, मग गिरणीसाठी मजूर, बाजार, वाहतूक यातलं आधी काय लिहू? कुणी शिकवत असेल तर प्लीज सांगा, गाईडमध्ये नुसते मुद्दे दिलेत, कारण एकाचंही नाही.