मदत हवी: द्राक्ष ग्रुपवरचे स्क्रीनशॉट, हायपरटेक्स्ट आणि माझी सिनॉप्सिस

नमस्कार मंडळी,

मी निफाड तालुक्यातली. सध्या नाशिकला राहून पीएच.डी.ची सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहितेय. द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माहिती कशी फिरते आणि फिरताना तिचं मूळ कुठे तुटतं, हा विषय. पुढच्या महिन्यात आरआरसीपुढे, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे, जायचंय आणि मी अडले आहे.

विषय घरातूनच आला. दोन हंगामांपूर्वी डिसेंबरात अवकाळी पाऊस लागला. डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने वडिलांनी ग्रुपवर आलेल्या यादीचा फोटो बघून औषध आणलं आणि फवारलं. निर्यातीच्या मालाला कोणतं औषध चालतं, काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची, रेसिड्यू (फळात उरलेला औषधाचा अंश) किती चालतो, हे सगळं त्या यादीत असतं. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची ही यादी, बागायतदार तिला 'अ‍ॅनेक्शर ५' म्हणतात. ती वेळोवेळी बदलते. वडिलांनी बघितलेल्या फोटोची वरची कड कापलेली होती आणि तारीख नेमकी तिथेच होती. यादी जुनी निघाली. आमचा नमुना नापास झाला, निर्यातीचा माल लोकलला द्यावा लागला. ज्यांनी फोटो टाकला त्यांना विचारलं, तर त्यांना तो दुसऱ्या ग्रुपवरून आलेला. तिथून पुढे माग लागला नाही. त्यांनी चांगल्या मनाने पाठवला होता, त्यांच्यावर माझा राग नाही.

२०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, ते आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. आज ग्रेपनेट या निर्यात-नोंदणीच्या ऑनलाइन यंत्रणेवर युरोपला गेलेल्या द्राक्षांचा माग थेट प्लॉटपर्यंत लावता येतो. पण ज्या मेसेजवर विसंबून ती द्राक्षं पिकवली, त्याचा माग दोन माणसांपलीकडे जात नाही. मला याचाच अभ्यास करायचाय.

गाइड मॅडमचं म्हणणं, "हा कृषिविस्ताराचा विषय झाला. यात हायपरटेक्स्ट कुठे आहे? ग्रुपवर तर लिंकच नाहीत." (हायपरटेक्स्ट म्हणजे लिंकने एकमेकांना जोडलेला मजकूर.) मॅडमचा मी मनापासून आदर करते, पण मला वाटतं, लिंक नाही हाच तर अभ्यासाचा मुद्दा आहे.

माझी मांडणी अशी. व्हॅनेव्हर बुश यांनी १९४५ साली 'मेमेक्स' या कागदपत्रं साठवून जोडणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली, तेव्हा त्यांना कागद साठवण्यापेक्षा एका कागदाकडून दुसऱ्याकडे जाणारी वाट जपायची होती, तीही दुसऱ्याला देता येईल अशी. टेड नेल्सन यांनी १९६५ च्या निबंधात 'हायपरटेक्स्ट' हा शब्द वापरला. त्यांच्या झनाडू प्रकल्पात लिंक दोन्हीकडून दिसायची होती आणि उद्धृत केलेला तुकडा मूळ मजकुराला जोडलेलाच राहायचा होता. पुढे टिम बर्नर्स-ली यांनी वेब घडवताना एकेरी लिंक स्वीकारली. मूळ पानाच्या मालकाला न विचारता कुणीही त्याच्याकडे लिंक देऊ शकतं, म्हणूनच वेब इतकं पसरलं. पण पान हललं की लिंक मेली, हेही त्यातूनच आलं. १९९१ च्या सॅन अँटोनियोच्या हायपरटेक्स्ट परिषदेत त्यांचा निबंध नाकारला गेला, फक्त प्रात्यक्षिकाला जागा मिळाली. त्याच परिषदेच्या नावात आज 'सोशल मीडिया' हेही शब्द आहेत. म्हणजे या शाखेने आपलं कुंपण स्वतःच वाढवलंय.

या ओळीत स्क्रीनशॉट ठेवून बघा. दुहेरी लिंक होती, ती एकेरी झाली, आणि स्क्रीनशॉटमध्ये तीही गेली. मजकूर राहतो, पण कुणाचा, कधीचा, पुढे बदलला का, हे सगळं सुटतं. नेल्सन यांना जे टाळायचं होतं, नेमकं तेच आमच्या बागेत घडलं.

आता अडचणी.

व्हॉट्सअ‍ॅपवर बाहेरून डेटा काढता येत नाही, आणि येऊही नये. सदस्यांनी स्वतः चॅट एक्सपोर्ट करून द्यायचं, एवढाच मार्ग दिसतो. मी स्वतःच्या फोनवर करून बघितलं, तर 'फॉरवर्डेड' ही खूण फाइलीत उतरत नाही. शिवाय कुणी स्क्रीनशॉट काढून नव्याने टाकला की ती खूण तशीही पुसली जाते. मग साखळी जोडायची कशी? सारख्या चित्रांचे गट पाडायला पर्सेप्चुअल हॅशिंग (दिसण्यावरून प्रत्येक चित्राला छोटा सांकेतिक ठसा देण्याची पद्धत) वापरतात, पण कडा कापलेल्या, वर पेनाने खुणा केलेल्या फोटोंवर ते किती टिकतं? टेसेरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने मराठी अक्षरं वाचून मजकुरावरून जुळवावं का? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा.

दुसरी अडचण संमतीची. ग्रुपमध्ये अडीचशे माणसं, अ‍ॅडमिन हो म्हणतात. पण अ‍ॅडमिनची संमती म्हणजे सगळ्यांची संमती नव्हे, असं मला वाटतं. यात शेजारीपाजारी आहेत, कुणाच्या नापास नमुन्याची बातमी आहे, कुणाचं कर्ज आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला काही सूट आहे, पण मला त्या सवलतीच्या आडून काम करायचं नाही. नाव-नंबर काढून फक्त यादीचे फोटो घेतले तर पुरेल का?

भर (दुसऱ्या दिवशी): प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. एकांनी सुचवलंय की चॅट मागूच नका, बागायतदारांसोबत बसून त्यांच्या फोनमधला एकेक फोटो 'हा कुठून आला' असं विचारत मागे जा. हे मला फार पटलं. पिंपळगावात आमच्या नात्यातले बारा-पंधरा बागायतदार आहेत, तिथून सुरुवात करता येईल. फक्त एवढ्या थोड्या लोकांवर आरआरसी मान्यता देईल का? गुणात्मक पद्धतीने असं काम केलेल्या कुणी नमुना किती धरला आणि समितीपुढे त्याचं समर्थन कसं केलं, तेवढं सांगाल का? सिनॉप्सिस सोमवारी मॅडमना दाखवायची आहे.