स्ट्रॉबेरी पार्कात स्ट्रॉबेरीचं झाडच नाही, लेकीला आता कुठे नेऊ?

सईची_आई:
२६ जानेवारीला जोडून सुट्टी आली म्हणून पुण्याहून पाचगणीला गेलो. सई सहा वर्षांची आहे, तिला स्ट्रॉबेरी झाडाला लागलेली बघायची होती म्हणून तिकडच्या एका जॅम-सरबतवाल्या कंपनीच्या पार्कात गेलो, नाव घेत नाही. पसरणी घाटातच गाड्या मुंगीच्या पावलांनी चाललेल्या, पार्किंगला सव्वा तास, सासूबाईंचे गुडघे दुखतात त्या गाडीतच बसून राहिल्या. आत जिकडेतिकडे कंपनीचे बोर्ड, कूपनची लाईन, मग क्रीमची वेगळी लाईन, आणि फायबरच्या मोठ्या स्ट्रॉबेरीसमोर फोटोसाठी नुसती ढकलाढकली. क्रीमच्या ग्लासात चारच फोडी, त्याही देठाकडे पांढऱ्या आणि आंबटढाण. सई विचारते, आई झाड कुठेय? फार वाईट वाटलं हो. मार्चमध्ये परत जायचंय, खरं शेत कुठे बघायला मिळेल?

पेठेतला_भटक्या:
जोडून सुट्टीला तिकडे फिरकायचंच नाही. आम्ही फेब्रुवारीत मंगळवारी गेलो होतो अशाच एका ठिकाणी, निवांत होतं, पोरं मस्त खेळली. पण शेत बघायचं तर पाचगणीजवळच्या भिलार गावाला जा.

भिलारचा_शेतकरी:
ताई आमचं शेत भिलारलाच आहे. झाड नसतं, वीतभर रोप असतं. गादीवाफ्यावर, म्हणजे मातीच्या उंच वाफ्यावर, मल्चिंगचा प्लॅस्टिक पेपर अंथरून त्याला भोकं पाडून लावतो, म्हणजे फळ मातीला टेकत नाही, पण पानं बाजूला केल्याशिवाय दिसतही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरला लागण, डिसेंबरपासून तोडे, मार्चपर्यंत माल चांगला, पुढे ऊन वाढलं की फळ बारीक पडतं. तोडा सकाळी लवकर असतो तेव्हाच या, लेकीला स्वतःच्या हाताने तोडू दे, फक्त ओढायचं नाही, नखाने देठ खुडायचा. आणि तुमच्या ग्लासातली पांढरी होती ना ती कच्ची तोडलेली, स्ट्रॉबेरी आंब्यासारखी तोडल्यावर पिकत नाही, लांब पाठवायची असली की टिकावी म्हणून थोडी आधीच काढतात. २०१० ला महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तिची खरी चव शेतात उभं राहून खाल्ल्यावरच कळते ताई.

पेठेतला_भटक्या:
आणि भिलार पुस्तकांचं गाव पण आहे, २०१७ पासून, घराघरात पुस्तकं ठेवलीत. सासूबाईंना निवांत बसून वाचता येईल. परत येताना वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघा, खाली घाटावर वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे.

सईची_आई:
दादा खूप आभार, सईला वाचून दाखवलं तर आत्तापासून नखाने देठ कसा खुडायचा विचारतेय. मार्चमध्ये मंगळवारची रजा टाकते. सासूबाईंना चालवत नाही, गाडी शेतापर्यंत येते का?

भिलारचा_शेतकरी:
बांधापर्यंत येते ताई. आजींना तिथेच खुर्ची टाकू.