लहान विद्यापीठ म्हणजे दुय्यम विद्यापीठ का? गोंडवानाच्या निमित्तानं

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)

बारावीचा निकाल लागला की चंद्रपूर-गडचिरोलीतल्या घराघरांत एकच वाद सुरू होतो. पोरीला नागपूरला पाठवायचं की इथंच ठेवायचं? इथं ठेवलं म्हणजे गोंडवाना विद्यापीठ. आणि गोंडवाना म्हणजे मागं पडणं, हे आधीच ठरलेलं असतं. मला हे ठरवणंच पटत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

सप्टेंबर २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून हे दोन जिल्हे वेगळे काढून गोंडवाना स्थापन झालं. नागपूर विद्यापीठ १९२३ चं. शंभरीच्या घरातल्या संस्थेशी दहा-पंधरा वर्षांच्या संस्थेची तुलना करायची आणि निकालही लगेच सांगून टाकायचा, हा अन्याय आहे. मुख्यालय चंद्रपूरसारख्या मोठ्या शहरात न ठेवता गडचिरोलीत ठेवलं, हाही माझ्या मते योग्य निर्णय होता.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. या विद्यापीठाच्या दारात जे प्रश्न उभे आहेत, ते राज्यातल्या दुसऱ्या कुठल्याच विद्यापीठाच्या दारात इतके एकत्र नाहीत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे भोवतालच्या जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क, मिळाला. २०११ च्या एप्रिलमध्ये त्याच गावाला स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचं पुस्तक हाती आलं. त्यानंतर कितीतरी ग्रामसभा तेंदूपानांचे (विडीची पानं) आणि बांबूचे लिलाव स्वतः करू लागल्या. आता ग्रामसभेला काय लागतं? कॅशबुक लिहिणारा माणूस लागतो. ठेकेदाराचा करारनामा वाचून त्यातली खोच ओळखणारी पोरगी लागते. जंगलाची हद्द जीपीएसवर मोजणारं कोणीतरी लागतं. २००६ चा वनहक्क कायदा आणि आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा, दोन्ही तोंडपाठ असणारं कोणीतरी लागतं. हे मनुष्यबळ पुणे-मुंबईचं विद्यापीठ तयार करणार नाही, कारण त्यांच्या समोर हा प्रश्नच नाही. गोंडवानानं ग्रामसभांसाठी 'एकल' उपक्रम सुरू केला. शिक्षण अर्धवट सुटलेल्यांसाठी 'विद्यापीठ आपल्या गावात' म्हणून पदवीचे वर्ग थेट गावात नेले. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीनं उभं राहिलेलं विज्ञान-तंत्रज्ञान संसाधन केंद्र इथंच आहे.

मलेरिया घ्या, ब्रह्मपुरीकडचा वाघ-माणूस संघर्ष घ्या, सुरजागडची लोहखाण घ्या, दिवाळीनंतर वडशाहून गावोगाव निघणारी झाडीपट्टीची नाटकं घ्या. संशोधनाचे विषय शोधायला इथं दूर जावं लागत नाही. पुणे विद्यापीठाला तीन जिल्ह्यांतल्या शेकडो कॉलेजांना चालेल असा अभ्यासक्रम करावा लागतो. दोन जिल्ह्यांच्या अभ्यासमंडळाला, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळाला, 'आपल्या जंगलापुरता' पेपर लिहिता येतो. लहान असणं ही इथं खरी ताकद आहे, असं माझं ठाम मत आहे.

तासिकावाला सर

भाऊ, विषयांची यादी वाचून आनंद झाला, पण शिकवणारा कुठं आहे ते लिहिलंच नाही तुम्ही. मी तासिका तत्त्वावर शिकवतो. कॉलेजचं नाव घेत नाही. राज्यभर हीच तऱ्हा आहे, गोंडवाना वेगळं असायचं काही कारण नाही. दरवर्षी नव्यानं मुलाखत, दरवर्षी नव्यानं ऑर्डर, उन्हाळ्यात मानधन बंद.

ग्रामसभेशी नातं जोडायला दोन-तीन वर्षं जातात. गावातली माणसं आधी तुम्हाला पारखतात, मग हिशेबाची वही पुढं करतात. तोवर तो सर दुसऱ्या कॉलेजात गेलेला असतो. 'एकल'सारखे उपक्रम चांगलेच आहेत, पण ते प्रकल्पाच्या निधीवर चालतात. निधी संपला की माणूस जातो, आणि माणूस गेला की गावाचा विश्वासही जातो. लहान विद्यापीठात हे जास्त जाणवतं. एखाद्या विभागात कायम माणसं दोन असतील आणि त्यातला एक निवृत्त झाला, तर अर्धा विभागच गेला. नागपूरला एक गेला तर निदान चार उरतात.

दर्जा आधी

कडवट वाटेल, तरी लिहितो. हे विद्यापीठ वेगळं काढण्याऐवजी नागपूर विद्यापीठाचं भक्कम उपकेंद्र गडचिरोलीत काढायला हवं होतं. जुन्या विद्यापीठाचं नाव, ग्रंथालय, प्रयोगशाळा, माजी विद्यार्थ्यांचं जाळं, हे सगळं मुलांना आयतं मिळालं असतं. आता काय झालं? कुलगुरू वेगळे, कुलसचिव वेगळे, परीक्षा विभाग वेगळा. प्रशासनाचा खर्च विद्यापीठ लहान आहे म्हणून कमी होत नाही. पण संलग्नता शुल्क आणि परीक्षा शुल्काचं उत्पन्न मात्र कॉलेजांच्या संख्येवर ठरतं.

शिवाय हा प्रदेश विद्यापीठाच्या हातात पूर्ण आहे तरी कुठं? वैद्यकीय शिक्षण नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे, कृषी अकोल्याकडे. तुम्ही मलेरियाचं नाव घेतलंत, पण वैद्यकीय महाविद्यालयच ज्याच्याकडे नाही ते मलेरियावर काय करणार? नव्या शैक्षणिक धोरणानुसार मोठी कॉलेजं स्वायत्त होत जाणार. मग लहान विद्यापीठाकडे उरणार कोण? जी कॉलेजं स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाहीत ती.

आणि नोकरी देणारा मेंढा-लेखा बघत नाही. तो नाव बघतो. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत अध्यापनाला ३० टक्के, संशोधनाला ३० टक्के वजन आहे, आणि ज्याचं तुम्ही कौतुक करताय त्या समाजापर्यंत पोहोचण्याला आणि सर्वसमावेशकतेला मिळून फक्त १०. आमची मुलं त्या बाजारात उभी राहणार आहेत.

वैनगंगाकाठ

@दर्जा आधी, उपकेंद्राचा मार्ग मला मान्य नाही. उपकेंद्राला अभ्यासमंडळ नसतं, अधिसभा (सिनेट) नसते. अभ्यासक्रमात वनहक्क कायद्याचा पेपर हवा असेल तर तो मुख्यालयातल्या मंडळाला पटवावा लागतो, आणि तिथल्या दहा जणांनी तेंदूपानं गोळा होतात तो फड पाहिलेला नसतो. स्वतंत्र विद्यापीठ म्हणजे निर्णय इथं होतो. हा अधिकार लहानसहान नाही.

मलेरियाचं म्हणाल तर त्याला फक्त डॉक्टर पुरत नाही. औषध फवारणीला गाव नकार का देतं, मच्छरदाणी असूनही माणसं त्याबाहेर का झोपतात, पावसाळ्यात कुठल्या पाड्याला किती दिवस रस्ता नसतो, हे समाजशास्त्राचं, भूगोलाचं, संख्याशास्त्राचं काम आहे. शोधग्राममध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्यानं गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेण्याची पद्धत उभी केली, ती याच जिल्ह्यात. गाव समजून घेतल्याशिवाय ते झालं नसतं.

एनआयआरएफच्या वजनांबद्दल मात्र मला उलटं वाटतं. मोजपट्टीत १० टक्के आहेत, म्हणून काम १० टक्केच करायचं का? मोजपट्टी दिल्लीत बनली. गडचिरोलीच्या विद्यापीठाचं काम काय, हे तिथून कशाला ठरू द्यायचं?

तासिकावाला सरांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. ते म्हणतात ते खरं आहे.

सिरोंचा रोड

तुम्ही दोघंही गडचिरोली शहराभोवतीच बोलताय. आमच्या सिरोंचाकडून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर. आम्हाला तेलंगणातलं वरंगल जवळ पडतं. २०१६ ला गोदावरीवरचा पूल सुरू झाल्यापासून तर आणखीच. इकडच्या घरांत तेलुगू बोलतात, नाती पलीकडं आहेत, मग पोरं वरंगलच्या काकतीय विद्यापीठाकडंच बघणार. 'स्थानिक विद्यापीठ' म्हणायचं आणि जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला ते दिसायचंच नाही, याला काय अर्थ? दोन जिल्हे ऐकायला लहान वाटतात. इथल्या रस्त्यांवर ते लहान नाहीत.

पामुलगौतम

मी भामरागडकडची, माडिया आदिवासी. घरात कॉलेजला गेलेली पहिलीच. इथलं सगळं वाचून दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

पहिली, लहान विभागाचा फायदा खरा आहे आणि तो क्रमवारीत येत नाही. एमएला आमच्या वर्गात मोजकी मुलं होती. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की आमचा रस्ता बंद होतो. मी आले नाही तर का आले नाही, हे मॅडमना माहीत असायचं. त्या फोन लागेपर्यंत लावत राहायच्या. मोठ्या शहरातल्या मोठ्या वर्गात माझी हजेरी कमी पडली असती आणि मी परीक्षेला बसूच शकले नसते. माझ्याबरोबरच्या काही मुली मोठ्या शहरात गेल्या आणि पहिल्याच वर्षी परत आल्या. हुशारीत त्या माझ्याहून कमी नव्हत्या. खोलीभाडं, खानावळ, आणि कोणाशी बोलावं हे न कळणं, यातच त्या थकल्या.

दुसरी गोष्ट धागाकर्त्या दादांना. तुम्ही आमच्या जंगलाला, मलेरियाला, नाटकाला संशोधनाचे विषय म्हणता. आम्ही विषय आहोत हे ऐकून बरं वाटत नाही. माझ्या आजीला कुठलं झाड कधी फुलतं, कुठल्या मुळीचं काय करायचं ते माहीत आहे. तिच्याकडून माहिती घेऊन कोणी पीएचडी करेल आणि तिच्या हाती काहीच येणार नाही, अशी भीती आम्हाला वाटते. विद्यापीठ आमचं म्हणायचं असेल तर शिकवणाऱ्यांत माडिया आणि गोंड माणसं दिसली पाहिजेत. प्रबंधातलं जे गावाच्या कामाचं आहे ते गावात येऊन, आमच्या भाषेत सांगितलं पाहिजे.

सोलापूरकर

आमचं विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ पासून, शिवाजी विद्यापीठातून वेगळं झालेलं, कार्यक्षेत्र एकच जिल्हा. गोंडवानाहूनही लहान म्हणा. इतकंच सांगतो की परीक्षा विभाग बसच्या एका तासावर असणं काय असतं, हे कोल्हापूरच्या वाऱ्या केलेल्या पिढीला विचारा. @दर्जा आधी, तुमच्या हिशेबात विद्यार्थ्याच्या प्रवासाचा खर्च कुठंच धरलेला नाही.

दर्जा आधी

@पामुलगौतम ताई, तुमचं वाचून थांबलो. जाऊन परत आलेल्या मुलींचा विचार मी केला नव्हता, तो मोजायलाच हवा. पण माझी चिंता तशीच आहे. तुम्ही एमए झालात, आता पुढं काय? गडचिरोलीच्या पदवीवर सेट-नेट करून प्राध्यापक व्हायचं, तर जागा भरलेल्या नाहीत. कंपनीत जायचं, तर कंपनी कॅम्पसवर येत नाही. आपुलकीनं शिकवलं, त्याबद्दल आदर आहे. पदवीनंतरच्या दोन वर्षांत मुलाच्या हातात काय पडतं, त्यावरच मी विद्यापीठ तोलणार.

तासिकावाला सर

मग दोन्हीकडची वाक्यं जोडून मागणी तरी करू. अधिसभेत पदवीधरांचे प्रतिनिधी असतात, २०१६ च्या राज्याच्या विद्यापीठ कायद्यानं ती सोय आहे. निवडणूक आली की नावनोंदणी करायला आपल्यातले किती जण जातात?

या प्रतिनिधींकडून मला तीन गोष्टी हव्यात. रिकाम्या जागा कायम भरा आणि भरताना गोंडी-माडिया जाणणाऱ्या पात्र उमेदवारांना शोधून अर्ज करायला लावा. सिरोंचा-अहेरीच्या टोकाला परीक्षा विभागाची कामं होतील अशी खिडकी उघडा. आणि ग्रामसभांचे उपक्रम प्रकल्पातून काढून विद्यापीठाच्या कायम अंदाजपत्रकात घाला.

धागाकर्ते, तुम्ही ताकद म्हणता ती या तिसऱ्या गोष्टीवर अडली आहे. ती होत नाही तोवर मी माझ्या मुलीला नागपूरलाच पाठवणार, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतंय.

पामुलगौतम

सर, पदवीधर मतदार नोंदणीचा फॉर्म कुठं मिळतो आणि सोबत काय जोडावं लागतं, ते इथं टाका. आमच्याकडचे पदवीधर मी गोळा करते.