प्रतिसाद: किनारा साफ झाला म्हणजे संपलं का?

वर कुणीतरी लिहिलंय की २०१० मध्ये मुंबईच्या समुद्रात जहाजातून सांडलेल्या तेलाचा तवंग आठवड्यात गेला, मग एवढा गाजावाजा कशाला? तवंग दिसेनासा होतो हो, तेल कुठे जातं?

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर 'चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजं धडकली. सुमारे ८०० टन तेल सांडलं, कंटेनर समुद्रात पडले, काहींत कीटकनाशकं होती. वाळूवरचं तेल फावड्याने गोळा करता येतं. तिवरांचं, म्हणजे खारफुटीच्या झाडांचं, काय करणार? चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली त्यांची मुळं हवेतून श्वास घेतात. त्यांच्यावर डांबरासारखा थर बसला की झाड हळूहळू घुसमटतं, आणि ते पुसायला चिखलात उतरलात तर तुमच्याच पायांनी तेल आणखी खोल जातं. त्याच चिखलात निवट्या, खेकडे, कोळंबीची पिल्लं. पक्ष्याच्या पिसांना तेल लागलं की तो चोचीने साफ करायला जातो आणि तेच गिळतो.

नारळी पौर्णिमा तोंडावर होती. पावसाळाभर होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी विणून तयार, आणि मासे खाऊ नका म्हणून इशारे. आमच्या कोळीण मावशीची पाटी दुपारपर्यंत भरलेलीच असायची. गिऱ्हाईक पापलेट उचलायचं, नाकाशी धरायचं, परत ठेवायचं. "अगो, ह्यो भायेरचा हाय," म्हणून ती घसा कोरडा करायची. (आम्हीही दोन आठवडे अंड्यांवरच होतो, खोटं कशाला बोलू.)

मासळीच्या बुडालेल्या भावाचा पंचनामा कोण करणार?