जुनी घ्यायची आहे: ३३०आय की डब्ल्यूआरएक्स?

वळणवेडा:
दोन गाड्यांवर नजर आहे. बीएमडब्ल्यू ३३०आय (ई४६ पिढीची) आणि सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स, दोन्ही २००३च्या, मॅन्युअल, दीड लाख किलोमीटर ओलांडलेल्या. कागदावर ताकद जवळपास सारखी. रस्ता वळणांचा, पावसातही चालवणार. मागच्या चाकांना जोर असलेली ३३०आय घ्यावी की चारही चाकांना जोर असलेली डब्ल्यूआरएक्स?

सरळसहा:
कागदावरच्या आकड्यांवर जाऊ नका. ३३०आयचं २९७९ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन ३५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) ३०० न्यूटनमीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं आणि त्याच्या बरंच आधीपासून ओढतं. वळणातून निघताना गिअर पाडायची गरज क्वचितच पडते. डब्ल्यूआरएक्सचं १९९४ सीसीचं टर्बो इंजिन ३००० आरपीएमच्या आसपास जागं होतं, मग एकदम उसळतं. रोज चालवायला मला ३३०आयच बरी वाटते.

बॉक्सरचार:
कोरड्यात मान्य. ओल्या रस्त्यावर मात्र डब्ल्यूआरएक्स निर्धास्त निघते. मधला डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारा भाग) विस्कस कपलिंगचा, म्हणजे घट्ट द्रवावर चालणाऱ्या जोडाचा, जोर पुढे-मागे ५०:५०. पण चारही टायर एकाच मेकचे, एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. एकच नवा घातला की त्याचा घेर मोठा, ते चाक हळू फिरतं, कपलिंगला सतत फरक सोसावा लागतो. ते तापतं आणि शेवटी जाम होतं.

कोरड्या डांबरावर स्टिअरिंग पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये हळूहळू गोल फिरवा. ब्रेक धरल्यासारखी अडखळली तर आधी टायर मोजा. ते सारखे असतील तर कपलिंग गेलंय. नुसती टकटक असेल तर बहुधा सीव्ही जॉइंट (चाकाकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा सांधा), ते किरकोळ.

पाच गिअरचा बॉक्स नाजूक आहे. जास्त आरपीएमवर झटक्यात क्लच सोडला की दात तुटतात. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणून बदलल्याचा कागद नसेल तर बेल्ट, तो ताणून धरणारे टेन्शनर आणि आयडलर, आणि वॉटर पंप एकदमच बदला.

सरळसहा:
३३०आयला टायमिंग चेन आहे, ती चिंता नाही. तिचं दुखणं खाली आहे. मागची सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे बोल्टने बसते तिथला बॉडीचा पत्रा जोर घेऊन घेऊन तडकतो. रॅम्पवर घ्या, चारही जागा टॉर्चने बघा, घाण पुसून बघा. केसासारखी रेघही तडाच समजा.

दुसरं, कूलिंग. प्लॅस्टिकची एक्स्पान्शन टाकी (तापून फुगलेलं कूलंट सामावणारी) सांध्यावर फुटते. तापमानाचा काटा मध्यावर आहे म्हणून गाफील राहू नका, बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मुद्दाम मध्यावरच ठेवलेला असतो. इंजिन खरंच तापलं की हेड वाकतं, ॲल्युमिनियम ब्लॉकमधले हेडबोल्टचे आटे निघतात. टाकी, थर्मोस्टॅट, पंप, होस घेतल्याबरोबर बदला.

वळणवेडा:
पत्र्याला तडा निघाला तर?

बॉक्सरचार:
सबफ्रेम उतरवून, तडे वेल्ड करून चारही जागी जाड पट्ट्या बसवाव्या लागतात. नुसत्या वेल्डवर भागवलं तर शेजारीच परत फाटतो. मालक तेवढी किंमत कमी करत नसेल तर दुसरी ३३०आय बघा.