आपला नगरसेवक नक्की कोणता?

बी-203: गेटसमोरच्या चेंबरचं झाकण परत तुटलंय, सकाळी पेपरवाल्याच्या सायकलचं चाक अडकलं, पोरगं पडता पडता वाचलं. आपल्या नगरसेवकाचा नंबर द्या ना कुणीतरी

ए-101: कुठल्या नगरसेवकाचा? चार आहेत

बी-203: चार?? आम्ही मुंबईहून आलो, तिकडे वॉर्डाला एकच असायचा

सी-504: मुंबईत अजूनही तसंच आहे, 227 वॉर्ड 227 नगरसेवक, त्यांचा कायदाच वेगळा, 1888 चा. बाकी महापालिकांना 1949 चा कायदा आणि त्यात ही प्रभाग पद्धत, तीसुद्धा दर वेळी बदलते. 2007 ला एकाचा वॉर्ड होता, 2012 ला दोघांचा प्रभाग, 2017 ला चौघांचा, मधे तिघांचा ठरला तेवढ्यात सरकारच बदललं मग परत चार. जो सत्तेत येतो तो आपल्या सोयीने पत्ते पिसतो

ए-304: म्हणूनच जानेवारीत माझी फजिती झाली. एक बटण दाबलं आणि निघाले तर मशीनवरच्या मॅडम म्हणाल्या अहो ताई थांबा, अजून तीन राहिलेत, बीप वाजला नाही

ए-101: पण काका, अ वाला आपल्या बाजूचा, ब वाला नाल्यापलीकडचा असं असतं ना?

सी-504: नाही हो!! इथेच सगळे फसतात. अ ब क ड ही नुसती जागांची नावं, कुठली महिलांची, कुठली ओबीसीची, कुठली सर्वसाधारण ते आरक्षणाच्या सोडतीत ठरतं, त्याचा एरियाशी काही संबंध नाही. चौघंही अख्ख्या प्रभागाचे. निवडून आल्यावर आपापसात गल्ल्या वाटून घेतात ती त्यांची सोय

सेक्रेटरी: ते वाटप मी चांगलंच भोगलंय. मागे स्ट्रीटलाइटसाठी फोन केला तर पहिले म्हणाले तो पट्टा माझ्याकडे नाही, दुसऱ्यांनी उचलला नाही, तिसरीकडे मॅडमचे मिस्टर बोलले, म्हणे मॅडम कार्यक्रमात आहेत काय ते मला सांगा

ए-304: मत मॅडमना दिलं होतं मिस्टरांना नाही. अर्ध्या जागा बायकांच्या, फोन मात्र मिस्टरांकडे

बी-203: त्यापेक्षा 2022 ते 26 प्रशासक होता तेच बरं, निदान एकच माणूस

सी-504: आणि त्या एका माणसाला तुम्ही कधी पाहिलंत? जवळजवळ चार वर्षं आपण टॅक्स भरला आणि बजेटवर आपल्या वतीने हात वर करणारं सभागृहात कुणी नव्हतं, ते कसलं बरं. चौघांपैकी एकाला तरी लग्नात गाठून विचारता येतं. अजून एक, आपल्या प्रभागाची हद्द समोरच्या रस्त्याच्या मधोमध जाते, पलीकडचा फुटपाथ दुसऱ्या प्रभागात. प्रारूप रचना आली तेव्हा मी नकाशा टाकला होता इथे, हरकती द्या म्हणून, खाली सत्तावीस गुड मॉर्निंग आले

ए-101: 🙏 सॉरी काका. पण मग चेंबर कुणाच्या हद्दीत??

सेक्रेटरी: अलीकडे. आत्ताच टेप घेऊन बघून आलो, दुभाजकाच्या आपल्याच बाजूला आहे

सी-504: मग सोपं आहे. झाकण काही नगरसेवक बसवत नाही, महापालिकेचा ज्युनियर इंजिनियर बसवतो, कारभार शेवटी आयुक्तांच्या हातात. नगरसेवकाचं काम त्याच्या मागे लागायचं. त्यामुळे पत्र क्षेत्रीय कार्यालयाला, खाली चौघांचीही नावं टाकून प्रत द्यायची आणि आवक नंबर घ्यायचा, तो नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा. चौघांना कळलं की पत्र बाकीच्या तिघांकडेही गेलंय की मग बघा कशी पळापळ होते, झाकण बसलं तर फोटो काढायला चौघंही येतील

सेक्रेटरी: लिहितो. सोमवारी मला सुट्टी नाही, कोण नेऊन देणार?

(बराच वेळ कुणाचाच मेसेज नाही)

ए-304: मी नेते, त्याच बाजूला बँकेत जायचंय

बी-203: धन्यवाद ताई. तोवर चेंबरपाशी काय ठेवू?

सेक्रेटरी: जिन्याखाली फुटकी कुंडी आहे, ती ठेवा. त्यात काठी खोचून लाल फडकं बांधा